चाखल्याचा रकाना

अण्णा गेले त्या वर्षी घरात दिवाळीची कढई चढली नाही. शेजारच्या तीन घरांतून फराळाची ताटं आली. वसुमतीबाईंनी ती नुसती झाकून ठेवली. कीर्तीने एक चकली मोडली आणि अर्धी परत ताटात ठेवून दिली. ऑफिसातून तिने आणखी आठ दिवसांची रजा मागून घेतली होती. आईला एकटं वाटू नये म्हणून, असं तिने साहेबांना सांगितलं होतं. खरं तर तिलाच बोरिवलीच्या खोलीत एकटीला बसवत नव्हतं.

भाऊबीज उलटल्यावरच्या रविवारी, सकाळी नऊच्या ठोक्याला फाटकाची कडी वाजली. दारात दर्शन उभा होता. डहाणू स्टेशनजवळ त्याचा फोटो स्टुडिओ. घरात गुजराती, बाजारात मराठी आणि गिऱ्हाईक बघून हिंदी बोलणारा हा माणूस आज कुठल्या भाषेत बोलावं या विचारात पडल्यासारखा दिसत होता. शर्टाच्या खिशातून एक कोरी फ्लॉपी डोकावत होती.

"सवयीनं आलो, कीर्तीबेन," तो म्हणाला. "रविवार ना. पाय आपोआप इकडे वळले."

"या ना. बसा."

तो बसला तो नेमका त्याच्या नेहमीच्या जागी, पडवीतल्या बाकाच्या कोपऱ्यात. समोर अण्णांची खुर्ची आणि टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर, वर जुन्या धोतराचं फडकं घातलेला.

अण्णा सावे, कीर्तीचे वडील, म्हणजे रेल्वेतले स्टेशन मास्तर. सगळी नोकरी वाणगाव-घोलवडसारख्या लहान स्टेशनांवर गेलेली. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक देवळाच्या ट्रस्टवर जातात, यांनी कॉम्प्युटर घेतला. तोही पंचाण्णव साली, जेव्हा डहाणूत एकूण कॉम्प्युटर दोन हातांच्या बोटांवर मोजता आले असते. मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्या ते पोस्टाने मागवायचे, त्यांतले प्रोग्राम एकेक करून लावून बघायचे आणि जे चांगलं वाटेल ते लोकांना द्यायचे. त्याचं नाव पडलं रविवारची फ्लॉपी. नियम एकच होता: कोरी फ्लॉपी आणा, भरलेली घेऊन जा, आणि आठवड्याच्या आत ती आणखी कुणालातरी द्या. फ्लॉपी घरात पडून राहिली की अण्णांना ती सायडिंगला विसरलेल्या, मालगाडीच्या वाघिणीसारखी वाटायची.

कोणता प्रोग्राम कसा वापरायचा हे सांगण्याआधी तो कोणत्या जातीचा आहे हे ते सांगत. त्यासाठी त्यांनी इथल्याच वाड्यांचा कायदा उचलला होता. चिकूच्या वाडीतून जाताना खाली पडलेला चिकू कुणीही उचलावा, त्याला मालक ना करत नाही. राखणदार कधी एखादा कापून हातावर ठेवतो, तो चाखायला. आवडला तर टोपली घ्या, नाहीतर पुढे चला. आणि झाडावरच्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. "प्रोग्रामचंही तसंच," अण्णा सांगत. "करणाऱ्यानेच सगळ्यांसाठी सोडलं ते पडीचं. तीस दिवस वापरा, मग पैसे भरा नाहीतर काढून टाका, ते चाखायचं. बाकी सगळं झाडावरचं. आणि दुसऱ्याच्या झाडावरचं आणून मला पडीचं म्हणून सांगाल तर याद राखा."

बुद्धिबळाचा, फाइली दाबून लहान करण्याचा, मुलांनी चित्रं काढण्याचा, आकाशातले तारे दाखवणारा, असे कितीतरी पडीचे प्रोग्राम त्यांनी शोधले होते. कुणाच्यातरी भल्या हाताने फुकट सोडलेली देवनागरी अक्षरं मिळाली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. दर दोन महिन्यांनी वाचनालयाच्या फळ्यावर त्यांचा हाताने लिहिलेला कागद लागे: 'घरच्या कॉम्प्युटरसाठी फुकट आणि चोख.' कुणी विचारलं, अण्णा, तो मोठा महागातला घेऊ का, तर म्हणत, "तुला नाक्यापर्यंत जायचंय ना? मग मालगाडी कशाला सोडायला सांगतोस?"

"कॉम्प्युटर चालू आहे ना?" दर्शनने विचारलं.

"असेल. मी लावून नाही बघितला."

"असणार. एप्रिलनंतर त्यांनी आतलं सगळं बदलून घेतलं होतं."

"एप्रिलनंतर?"

दर्शन तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी? सव्वीस एप्रिलला? एका दिवसात सात मशिनं आडवी झाली, बेन. माझं, कोसबाडला दोन, मामलेदार कचेरीतल्या भाऊसाहेबांच्या घरचं, झरीच्या पुष्पाबाईंचं, आणखी एक कुठलं, आणि अण्णांचं स्वतःचं. सकाळी बटण दाबलं तर काळा पडदा. डिस्क पण साफ. पेपरात आलं होतं, चेर्नोबिल व्हायरस. तो त्या सीडीतून आला. पत्रं आणि तक्ते करायची सीडी होती ना, अण्णांनी सगळ्यांना लावून दिलेली, ती."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

"माझ्याकडे तीन वर्षांची यादी होती," दर्शन सांगत होता, "कोणाची निगेटिव्ह कोणत्या डब्यात. गेली. आता एखादी नवरी येते, म्हणते माझे लग्नाचे फोटो परत काढून दे. मी डबे हुंगत बसतो. परवा एकीला दुसरीचाच नवरा छापून दिला." तो हसला आणि मग हसणं बरं दिसत नाही हे लक्षात येऊन थांबला. "बाजारात लोक बोलतात, अण्णांचं फुकट महागात पडलं. मी नाही बोलत हां. माणूस सोनं होता. घरोघरी जाऊन हात जोडले त्यांनी. म्हणाले, माझी चूक झाली. पण वय झालं होतं, बेन. पारखायची नजर राहिली नव्हती. गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं."

कीर्तीच्या तोंडाशी एक वाक्य आलं. साधंच होतं, पाच शब्दांचं. ती सीडी मी आणली होती. दर्शन समोर होता, आई दाराआड होती आणि वाक्य जिभेवर तयार होतं.

"चहा घेणार ना?" ती म्हणाली.

*

गेल्या वर्षीच्या दसऱ्याच्या सुमाराला अण्णांनी तिला सांगितलं होतं, "लोकांना पत्रं लिहायला आणि तक्ते करायला काहीतरी लागतंय. तू मुंबईत, विमा कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात. तुझ्याकडे चार माणसं जाणती. पडीचं काही मिळतंय का बघ." तिने दोन आठवडे बघितलं नाही. मग दिवाळीला गावी जायच्या आदल्या दिवशी, फोर्टमध्ये ऑफिस सुटल्यावर, फुटपाथवरच्या माणसाकडून तिने एक सीडी उचलली. त्या मोठ्या परदेशी प्रोग्रामचं नाव तिच्यावर मार्करने वेडंवाकडं लिहिलेलं होतं. ऑफिसातले सगळे तिथूनच घेत. त्यात काही वावगं आहे असं तिथे कुणाच्या मनातही येत नसे.

घरी सीडी दिली तेव्हा अण्णांनी ती उजेडात धरून बघितली.

"पडीचं आहे?"

"हो."

अण्णांच्या नोकरीत गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाशी फोनवर बोलायचं, आणि ऐकलेला निरोप परत म्हणून दाखवायचा असा कायदा होता. एकदा ऐकलेल्यावर गाडी सोडायची नाही. तो कायदा घरातही चाले. मीठ संपलंय हे सुद्धा त्यांना दोनदा सांगावं लागे.

"परत सांग. कंपनीने स्वतः सोडलंय?"

"सोडलंय हो अण्णा. पडीचंच आहे. किती वेळा विचाराल?"

झाडावरचं आहे म्हटलं असतं तर तासभर व्याख्यान ऐकावं लागलं असतं, आणि तिला चिवड्याला फोडणी घालायची होती. इतकंच कारण होतं. इतकं लहान होतं की पुढे ते तिच्या लक्षातही राहिलं नाही.

नाही, हेही खरं नव्हतं. सव्वीस एप्रिलला ऑफिसात त्या व्हायरसचा बोभाटा झाला, फुटपाथच्या सीड्यांतून तो पसरलाय असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा तिला आपली सीडी आठवली होती. तिने दुपारी घरी फोन लावला होता. "तुमचं ठीक आहे ना अण्णा?" मग अण्णा म्हणाले, "आमचं ठीक आहे. तू जेवलीस का?" तिने परत विचारलं नाही. ज्या माणसाच्या घरात निरोप दोनदा सांगायची रीत, त्याच्या मुलीने त्या दिवशी एकदाच ऐकलं आणि सुटल्यासारखा फोन ठेवला.

नंतर पावसाळ्यात आईकडून कळलं की अण्णा आठवड्यातून तीनदा तलासरीकडे जातात, झरीला, कुणा शाळेतल्या बाईंच्या कामाला. तेव्हा तिने फोनवर चांगलं झापलं होतं. "या वयात कसली ही फुकटची हमाली? तुमचा वेळ जात नाही म्हणून लोकांना फावतंय." अण्णा हसले होते. "फुकटचंच तर काम आहे माझं," म्हणाले होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, असेच झरीहून आल्यावर, हातपाय धुतले आणि जेवायला पानावर बसायच्या आधी ते गेले.

*

दर्शन गेल्यावर कीर्तीने टेबलाचा खण उघडला. रेल्वेची जाड पुठ्ठ्याची वही आत होती. अण्णांनी पट्टीने रकाने आखले होते: कशासाठी. विकतचं कोणतं. त्याऐवजी कोणतं. कोणी आणलं. आणि शेवटचा, चाखलं. कुठलीही वस्तू लोकांना देण्याआधी अण्णा स्वतः महिनाभर वापरून बघत. तारीख टाकून 'चाखलं' असं लिहिल्याशिवाय ती फळ्यावर जात नसे. चार वर्षांच्या नोंदी होत्या, ओळीला ओळ. काही ठिकाणी 'चाखलं, कडू' असंही होतं. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'चाखलं. गोड, पण पोट फुगतं', म्हणजे डिस्कवर फार जागा खातं.

अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरच्या पानावर ती ओळ सापडली. पत्रं व तक्ते. कोणी आणलं या रकान्यात आधी 'कीर्ती' असं लिहिलेलं होतं. त्याच्यावर काट मारली होती, एक नव्हे, शाई कागदाच्या मागे उमटेपर्यंत काट मारली होती, आणि वर लिहिलं होतं, 'मी'. शेवटच्या रकान्यात अण्णांच्या ठळक, गोल अक्षरात होतं: 'घरचं आहे. चाखायची गरज नाही.' त्याखाली वेगळ्या शाईने: 'चाखलं नाही. चूक माझी. २६.४.९९.'

चार वर्षांत एवढा एकच रकाना त्यांनी न चाखता भरला होता.

कीर्ती ते पान तसंच धरून बसली. आई कधी मागे येऊन उभी राहिली ते तिला कळलं नाही.

"तुला माहीत होतं?" कीर्तीने विचारलं.

"चिवड्याची फोडणी करत होतीस तेव्हा मी तिथेच होते," वसुमतीबाई म्हणाल्या. "व्हायरस आला त्या दिवशी ह्यांना म्हटलं, पोरीला विचारा. म्हणाले, विचारलं तर ती खरं सांगेल, आणि मग मला लोकांना खरं सांगावं लागेल."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगून?" आईने वहीवरची धूळ पदराने पुसली. "आज दर्शनसमोर जीभ होती की तुला."

त्या परत स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर कीर्तीला बरं वाटलं असतं.

वहीच्या शेवटून, उलट्या बाजूने, वेगळंच काही लिहिलेलं होतं. वर 'झरी' आणि खाली पाड्यांची नावं. प्रत्येक पाड्याखाली मुलांची नावं आणि पुढे बारीक अक्षरात नोंद. 'हाल्या. मोठा पूर आला त्या साली, भात झोडणीच्या वेळी.' 'रूपी. हाल्याच्या पाठची, मध्ये दोन पावसाळे.' 'बाबल्या. आजी म्हणते शाळेचं छप्पर उडालं त्या रात्री. शाळेत तारीख आहे, पाहणे.' अशी एकशे बासष्ट नावं होती. पाच पाड्यांपुढे नुसतं नाव होतं आणि खाली कोरं.

पानांत पुष्पाबाईंचं एक पत्र होतं, त्यावरून सगळं कळलं. ज्या मुलांच्या जन्माची कुठे नोंद नाही, त्यांची यादी पुष्पाबाई दोन वर्षं करत होत्या. घरोघरी बसून म्हाताऱ्यांकडून खुणा काढायच्या, खुणेवरून साल, सालावरून तारीख, मग दाखल्याचा अर्ज. सुटे कागद वाळवी खायला लागली तेव्हा अण्णांनीच त्यांना सांगितलं, सगळं कॉम्प्युटरवर घ्या आणि एक फ्लॉपी माझ्याकडे ठेवा. पुष्पाबाईंनी फ्लॉपी आणून दिली. अण्णांनी ती आपल्या मशिनवर उतरवून घेतली आणि त्यांच्या नियमाप्रमाणे फ्लॉपी पुसून पुढच्या माणसाला दिली. दोन ठिकाणी आहे म्हणजे झालं. पण दोन्ही ठिकाणी एकच सीडी लागलेली होती, आणि दोन्ही मशिनं एकाच सकाळी गेली.

म्हणून अण्णा झरीला जात होते. ती सगळी नावं परत गोळा करायला.

*

वहीतली शेवटची ओळ सप्टेंबरची होती. पत्रं व तक्ते. त्याऐवजी एक नवा प्रोग्राम, मासिकाच्या सीडीवरून आलेला, घरच्या वापरासाठी कंपनीने खरोखरच फुकट सोडलेला. कोणी आणलं: मी. मासिकातली अटींची बारीक छपाई कापून बाजूला चिकटवली होती, शब्दाशब्दाखाली रेघा मारून. चाखलं हा रकाना कोरा होता. खाली पेन्सिलीने फक्त 'चालू'.

तो महिना कीर्तीने पुरा करायचा ठरवलं. रजा संपल्यावरही ती दर शुक्रवारी संध्याकाळी डहाणूला येई आणि शनिवार-रविवार अण्णांच्या खुर्चीत बसून त्या नव्या प्रोग्राममध्ये झरीची यादी चढवी. प्रोग्राम उघडायला फार वेळ घेई, तेवढ्यात आईशी दोन वाक्यं बोलून होत. देवनागरी अक्षरं आधी चौकोनच दिसायची. ती अण्णांच्या टिपणांवरून एका दुपारी मार्गी लागली. काम चांगलं चाललं होतं. फार चांगलं चाललं होतं, आणि त्याचीच तिला आतून लाज वाटत होती. कारण ती हे का करते आहे ते तिला पक्कं माहीत होतं. हातात काही घेऊन गेलं की तोंडाने कमी बोलावं लागतं. एकशे बासष्ट नावांची फ्लॉपी पुढे केली की ते पाच शब्द कदाचित म्हणावेही लागणार नाहीत.

डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी ती निघाली. तलासरीहून जीप मिळाली, तिने फाट्यावर सोडलं. पुढचा रस्ता पायी. सकाळचं ऊन चढत होतं, खळ्यांवर झोडणी उरकून पेंढ्याच्या उडव्या रचल्या होत्या. अण्णा या रस्त्याने जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चालले, आठवड्यातून तीनदा. ती अर्ध्या तासात दोनदा थांबली.

शनिवारची अर्धी शाळा सुटत होती. पुष्पाबाई तिशीच्या आतल्या, ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या. झरीच्याच. कोसबाडला शिकून परत गावातच शिक्षिका झालेल्या. त्यांनी कीर्तीला नाव सांगायच्या आधीच ओळखलं.

"अण्णांचं कपाळ आहे तुम्हाला, ताई. या, घर इथंच आहे."

घर म्हणजे कुडाच्या भिंतींच्या दोन खोल्या. एकीत कॉम्प्युटर, दुरुस्त करून आणलेला. कीर्तीने मासिकाची सीडी लावली, प्रोग्राम चढवला, फ्लॉपी घातली. यादी पडद्यावर आली. पुष्पाबाई वाकून एकेक नाव बोटाने वाचत गेल्या. चिंचपाडा आल्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हा पण आला! हा तर अण्णा शेवटच्या दिवशी करून गेले. आणि ही रूपी, हिचा अर्ज सोमवारीच देते." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि वळून कीर्तीचे दोन्ही हात धरले. "अण्णांची चूक तुम्ही भरून काढलीत, ताई. लेक असावी तर अशी."

कीर्तीने हात सोडवून घेतले. घाईने सोडवून घेतले, तापलेलं भांडं टाकावं तसे.

"अण्णांची चूक नव्हती," ती म्हणाली. "ती सीडी मी आणली होती."

पुष्पाबाई पडद्याकडे वळल्या.

"चोरीची होती. फुटपाथवरची. त्यांनी मला विचारलं, पडीची आहे का. मी हो म्हटलं. दोनदा विचारलं, दोनदा हो म्हटलं. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी ती चाखली नाही."

बाहेर कोंबडी ओरडत होती. पुष्पाबाई पडद्याकडे बघत होत्या, जणू नावं परत पुसली जातील.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"सीडी चोरीची हे पहिल्यापासून. बाकीचं महिन्याभरापूर्वी कळलं." मग ती थांबली आणि म्हणाली, "एप्रिलमध्येच संशय आला होता. मी विचारलं नाही."

"पाच महिने," पुष्पाबाई म्हणाल्या. "पाच महिने तो म्हातारा माणूस चिखलातून येत होता. मी म्हणायची, अण्णा, बैलगाडी पाठवते. तर म्हणायचे, नको, चूक केली की पायी जावं. मला राग यायचा त्यांचा. वरवर चहा द्यायची, पण मनातून म्हणायची, तुमच्यामुळे माझी दोन वर्षं गेली. एकदा बोलले पण. तोंडावर. म्हटलं, तुम्हाला फुकटची हौस, आणि आमच्या पोरांच्या जन्माचा पत्ता नाही." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "ते म्हणाले, खरं आहे बाई. आता मी त्यांना काय सांगू? कुठे सांगू?"

माफ करा हा शब्द तिच्या जवळ होता, पण तो काढला असता तर पुष्पाबाईंना काहीतरी द्यावं लागलं असतं, आणि मागायचा तिला हक्क नव्हता.

"डहाणूत सांगितलंत?" पुष्पाबाईंनी विचारलं. "बाजारात बोलतात त्यांच्याबद्दल. माझ्या कानावर येतं."

"नाही अजून."

"फळ्यावर?"

"नाही. कागद लिहिलाय." कीर्तीने पिशवीतून घडी काढली. वर अण्णांच्याच शब्दांत 'घरच्या कॉम्प्युटरसाठी फुकट आणि चोख', खाली नव्या प्रोग्रामचं नाव, आणि त्याखाली, सीडीबद्दल, चार ओळी. तळाला कीर्ती सावे. तीन आठवडे तो कागद तिच्या पिशवीतून डहाणू-बोरिवली ये-जा करत होता. घडीवर तो फाटायला आला होता.

पुष्पाबाईंनी कागद वाचला, घडी घातली, परत दिला.

"हा उद्या लावा. आज इथून सुरू करा." त्यांनी खुंटीवरची पिशवी खांद्याला अडकवली. "पाच पाडे राहिलेत. अण्णा अंगणात गेले की बसायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी, उभ्या-उभ्याच सांगायचे. माझ्या चुकीने तुमच्या पोरांची नावं गेली, परत सांगायची तसदी द्यायला आलोय. प्रत्येक अंगणात. लोकांना ठाऊक झालं होतं, तरी सांगायचे. आता तुम्ही सांगा."

पहिलं घर ओढ्यापलीकडे होतं. अंगण नुकतंच सारवलेलं. नवशी नावाची म्हातारी उन्हात बसून मिरच्या निवडत होती. तिने डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"मास्तर नाय आला?"

"मास्तर वारले, आजी," पुष्पाबाई म्हणाल्या. "सांगितलं होतं ना तुला. ही त्यांची लेक."

"हां." म्हातारीने एक मिरची बाजूला टाकली. "बस मग. पाणी आणतंय पोर."

कीर्ती बसली नाही. आतून एक मुलगी तांब्या घेऊन दारापर्यंत आली होती, तिला तिने हाताने थांबवलं. पुष्पाबाई अंगणाच्या कडेला उभ्या होत्या, वही उघडून, पेन न काढता.

"आजी, आधी ऐकून घ्या," कीर्ती म्हणाली. "तुमच्या पोरांची नावं मास्तरांमुळे नाही गेली. माझ्यामुळे गेली."

म्हातारीने मिरच्यांतून हात काढला.

"काय बोलतंस? परत सांग."

कीर्तीने परत सांगितलं.